सातपुड्याचें सरपण

पौषांत उत्तरेकडचा वारा सुटला म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावर जी थंडी पडते, तिची कल्पना मुंबईपुण्याच्या माणसास सहसा येत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत अक्कलकुवा तालुक्यांतील डाब गांवाच्या परिसरांत कडाक्याच्या हिवाळ्यांत पहाटेचें दंव गवतावरच गोठतें आणि रान पांढरें दिसूं लागतें. तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंच. तेथील रात्रही तशीच बोचरी. खालीं तापीच्या खोऱ्यांत वैशाखांत अंग भाजून काढणारा हा जिल्हा वर डोंगरांत मार्गशीर्षापासून माघापर्यंत माणसाला आगीजवळ बसावयास लावतो. शहरांतील घरांत ऊब हवी असेल तर ती विकत मिळते. तारेंतून येते, नळींतून येते, किंवा निदान कपाटांतल्या रजईंतून येते. डोंगरांतील घरांत ती रानांतून येते. लांकूड तोडून, वाहून, फोडून, वाळवून आणि रचून ठेवल्यावांचून ती घरांत शिरत नाहीं. म्हणून तेथील सरपणाचा इतिहास हा केवळ चुलीचा इतिहास नव्हे. वाळलेली फांदी कोणाची, वेंचणाऱ्याची कीं सरकारची, या एका प्रश्नाभोंवतीं तो दीडशें वर्षें फिरत आला आहे.

नकाशावर या जिल्ह्याचें नांव अलीकडचें आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्यापूर्वीं, १९०६ सालीं खानदेशाची वांटणी झाल्यापासून, हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. नंदुरबार, शहादें आणि तळोदें हे तापीकांठचे तालुके बव्हंशीं सपाट व काळ्या मातीचे. नैर्ऋत्येस नवापूर पावसाचें आणि सागाचें. उत्तरेस अक्कलकुवा व अक्राणी, म्हणजे धडगांवचा मुलूख, हा थेट नर्मदेच्या कांठापर्यंत गेलेला डोंगर. भिल्ल, पावरा, तडवी हे डोंगरांतले, मावची आणि कोंकणी हे नवापुराकडचे. या साऱ्यांच्या घरांत आग हाच घराचा मध्यबिंदु होय.

डोंगरांतील जुन्या वळणाचें घर पाहिलें तर त्याची रचनाच आगीभोंवतीं केलेली दिसते. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेल्या भिंती, वर कौलें अथवा गवत. या भिंती वारा अडवितात, पण ऊब धरून ठेवीत नाहींत. त्यामुळें घर तापवून ठेवतां येत नाहीं, माणसालाच आगीजवळ यावें लागतें. सकाळसंध्याकाळ चूल भाकरीसाठीं पेटते, आणि हिवाळ्यांत रात्रीं एखादा जाड ओंडका एका टोकानें धुमसत ठेवतात. तो जसजसा जळेल तसतसा पुढें सरकवावयाचा. पांघरूण थोडें आणि माणसें पुष्कळ अशा घरांत म्हातारीं माणसें व लहान मुलें त्याच्या जवळ, आणि धडधाकट माणसें बाहेरच्या बाजूस, अशी निजण्याची वहिवाट आपोआप पडते. धुराचाही उपयोग असतो. आढ्याला टांगलेल्या मक्याच्या बियाणाच्या कणसांना धुरामुळें कीड लागत नाहीं, आणि छपराचा बांबू पोखरणारा भुंगाही दूर राहतो. मात्र याच धुरानें बायकांचे डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. आगीचें हें देणें आणि घेणें एकाच चुलींतून चालतें. त्यांपैकीं एकच बाजू सांगणें हें त्या घरावर अन्याय करणें होय.

सरपण म्हणजे हातीं लागेल तें लांकूड, अशी समजूत शहरांत आहे. रानांत राहणाऱ्याच्या मनांत तशी सरभेसळ नसते. धावडा आणि खैर हीं लांकडें जड, घट्ट आणि दीर्घकाळ विस्तव धरणारीं. खानदेशाच्या रानांत आढळणारा अंजन हा तर भारतांतील अत्यंत जड लांकडांपैकीं एक; त्याचा तुकडा पाण्यांत टाकला तर बुडतो. सपाटीवर बाभूळ ही सरपणाची राणी. तीच औताला आणि गाडीच्या चाकालाही उपयोगी पडते. उलट पळस, पांगारा, साळई यांचें लांकूड हलकें; भरभर पेटतें आणि भरभर विझतें. पेटविण्यासाठीं हलकें, टिकण्यासाठीं जड, अशी विभागणी प्रत्येक घरांत असते. कांहीं झाडांना कुऱ्हाड लावावयाची नाहीं, असाही दंडक असतो. मोहाचें झाड फुलें, बी आणि तेल देतें. तें उभें असेपर्यंत घर पोसतें, म्हणून सरपणासाठीं मोह तोडणारा माणूस शहाणा गणला जात नाहीं. वड, पिंपळ, उंबर यांना तर धर्माचेंच कुंपण आहे.

तोडण्याचा काळही ठरलेला. पावसाळ्यांत झाडांत रस चढलेला असतो आणि वाट चिखलाची असते. म्हणून दिवाळीनंतर हळूहळू सुरुवात होऊन होळीपासून मृगापर्यंत सरपणाचा खरा हंगाम चालतो. पुढच्या चार महिन्यांची बेगमी याच वेळीं व्हावयास हवी. ओंडके घरीं आणून कुऱ्हाडीनें, गांठाळ असले तर पाचर ठोकून फोडतात, आणि फाळ्या घराच्या पडवींत किंवा वळचणीखालीं, वारा खेळेल अशा बेतानें रचून ठेवतात. या रचण्यामागें शास्त्र आहे. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें. तसें लांकूड चुलींत घातलें कीं आगीची बरीचशी शक्ति तें पाणी उकळून वाफ करण्यांत खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाऱ्यावर नीट वाळलेल्या लांकडांत पाणी शेंकडा १५ ते २० पर्यंत उतरतें, आणि एका किलोस सुमारें ३५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. ओल्या लांकडापासून मिळते ती त्याच्या निम्म्यास थोडी अधिक. म्हणजे ओलें सरपण जाळणाऱ्या घराला दुप्पट मोळ्या वाहाव्या लागतात, आणि धूर मिळतो तो वेगळा. ‘सुक्याबरोबर ओलेंही जळतें’ ही म्हण खरी. पण सुक्याच्या जिवावर जळतें, हें म्हणींत सांगितलेलें नाहीं.

मोळीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. डोक्यावरची मोळी साधारणपणें वीस-पंचवीस किलोंची. पांचसहा माणसांच्या घराची चूल दिवसास सहासात किलो लांकूड खाते असें धरलें, तर एक मोळी तीनचार दिवस पुरते. हिवाळ्यांत रात्रीचा ओंडका पेटूं लागला कीं दोन दिवसही नाहीं. म्हणजे वर्षाकांठीं शंभराच्या वर खेपा. हा भार मुख्यत: बायकांच्या आणि मुलींच्या मानेवर असतो. रान गांवापासून एक कोस दूर सरकलें तर प्रत्येक खेपेस दोन कोसांची पायपीट वाढते. जंगल किती हटलें याचें मोजमाप सरकारी दप्तरांत हेक्टरांनीं होतें. घरांत तें पावलांनीं होतें.

घराइतकीच आगीची गरज कारागिराला असते. लोहाराच्या कामास लांकूड तसेंच्या तसें चालत नाहीं. लांकडाच्या ज्योतींत वाफ आणि धूर यांचाच भरणा अधिक. लोखंड लालपिवळें होण्यास जी एकवटलेली आंच हवी ती कोळशाचीच. म्हणून खैर, धावडा, बाभूळ यांच्या लांकडाचा लोणारी कोळसा पाडावयाचा. लांकडें खड्ड्यांत किंवा जमिनीवर घुमटासारखीं रचून, वर पाला आणि ओली माती थापून, आंत विस्तव घालावयाचा आणि हवेची वाट अगदीं बारीक ठेवावयाची. लांकूड जळूं द्यावयाचें नाहीं, तें नुसतें भाजूं द्यावयाचें. धूर प्रथम पांढरा व दाट असतो. तो निळसर व विरळ झाला म्हणजे तोंडें बुजवून भट्टी निवूं द्यावयाची. घाईनें उघडली तर सारा कोळसा पेट घेतो आणि दोनतीन दिवसांच्या श्रमांची राख होते. अशा मातीच्या भट्टींत लांकडाच्या वजनाच्या सुमारें शेंकडा १५ ते २० एवढाच कोळसा हातीं येतो. परंतु त्याच्या एका किलोंत सुमारें ७००० किलोकॅलरी उष्णता असते, आणि भाता चालूं झाला कीं ती एका मुठीएवढ्या जागेंत गोळा होते. गांवोगांवीं अशी रीत होती कीं, ज्याला फाळ पाजवून घ्यावयाचा त्यानें आपला कोळसा आपण आणावा आणि भाताही आपणच ओढावा. लोहार हात व हातोडा देई, कुणबी आग देई. कोळसा नसेल तर फाळ नाहीं, आणि फाळ नसेल तर पेरा नाहीं. मृगाच्या तोंडावर ही सांखळी एका दिवसानेंही तुटून चालत नसे. कुंभाराची भट्टी आणि मोहाच्या फुलांची भट्टी यांनाही रानांतूनच जळण लागे.

इंग्रजी अंमलापूर्वीं हें सारें फुकट होतें असें मात्र नव्हे. राजसत्तेचें लक्ष लांकडाकडे पूर्वींपासून होतेंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमारासाठीं लागणाऱ्या सागाचा विचार केलेला आहे, आणि रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें बळानें तोडूं नयेत अशी ताकीदही आहे. परंतु ही नजर मोठ्या इमारती लांकडावर होती. वाळलेली फांदी, काटकी, पालापाचोळा यांकडे सत्तेनें वळून पाहिलें नव्हतें. शिवाय सातपुड्याच्या आंतल्या भागांत राजाचा हात क्वचितच पोंचे. काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी आणि चिखली येथील मेवासी पाडवी, वळवी व वसावे हे आपापल्या डोंगराचे धनी होते. कर, भेट, वेठ हीं तेथेंही होतींच, पण चुलीच्या लांकडासाठीं परवाना काढावा लागत नव्हता.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. प्रथम कांहीं वर्षें डोंगरांतील भिल्लांना शस्त्रानें वांकविण्याचा प्रयत्न झाला. तो साधेना, तेव्हां १८२५ सालीं आउट्रम या अधिकाऱ्यानें त्यांचीच पलटण उभी केली. माणसें अशीं बांधून घेतल्यावर पाळी झाडांची आली. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठीं साग हवा होता. १८४७ सालीं डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढें लोहमार्ग आला. १८६० नंतरच्या दशकांत खानदेशांतून आगगाडी धांवूं लागली, आणि त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. रुळांखालीं घालावयास लांकूड, स्टेशनें बांधावयास विटा, विटा भाजावयास सरपण, कापसाच्या पेठा वाढल्या कीं त्यांतील हजारों चुलींना जळण; अशी मागणी एकदम चौफेर वाढली. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्यांतील लोहमार्ग नंदुरबारास आला, आणि नवापूरचा साग आगगाडीच्या डब्यांत चढूं लागला. रान रिकामें होऊं लागलें तें प्रथम डोक्यावरच्या मोळीनें नव्हे, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

रान संपेल या भीतीनें कायदा आला. १८६४ सालीं डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले, १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला, आणि १८७८ सालीं दुसरा, अधिक कडक. या दुसऱ्या कायद्यानें रानाचे मुख्यत: दोन भाग पाडले, राखीव आणि संरक्षित. त्यांतील फरक थोडक्यांत असा कीं, संरक्षित रानांत जें मना केलेलें नाहीं तें करावयास मोकळीक. राखीव रानांत जें मान्य केलेलें नाहीं तें सारेंच मना. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वहिवाट आतां दोन निरनिराळ्या शब्दांत मांडली गेली. जी लेखानें शाबीत झाली ती ‘हक्क’. जी झाली नाहीं ती सरकारच्या मर्जीनें मिळणारी ‘सवलत’. लेख ठेवण्याची संवय नसलेल्या समाजाच्या वांट्यास दुसरा शब्द आला, यांत नवल नाहीं. घरासाठीं वाळलेल्या लांकडाची मोळी आणण्यास ठिकठिकाणीं मुभा राहिली हें खरें. परंतु हक्क मागतां येतो, सवलत काढून घेतां येते. मोळींतील फांदी वाळलेली कीं ओली, घरासाठीं कीं विक्रीसाठीं, हें ठरविणारा शिपाई रानाच्या तोंडाशीं उभा राहिला, आणि त्याच्या मनाचें समाधान करण्यासाठीं कोंबडी, तूप किंवा एक दिवसाची वेठ हा नवा कर सुरू झाला. योगायोग असा कीं, त्याच १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही झाला. लांकूड आणि मोहाचें फूल, रानाचीं हीं दोन्हीं दानें एकाच वर्षीं पहाऱ्याखालीं गेलीं.

याविरुद्ध आवाज उठला नाहीं असें नव्हे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जंगल कायद्याच्या जाचाबद्दल सरकारकडे दाद मागितली. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्याचीं कुरणें व रानें गिळल्याची तक्रार रोखठोकपणें मांडली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ओरड इतकी वाढली कीं १८८५ सालीं सरकारला खास चौकशीमंडळ नेमावें लागलें. आणि एक साक्ष अगदीं अनपेक्षित दिशेनें आली. १८८९ सालीं हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉक्टर व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें कीं, शेतकऱ्याला सरपण मिळत नाहीं म्हणून तो शेण जाळतो, आणि शेण जाळतो म्हणून शेत उपाशी राहतें. खेड्याजवळ सरपणाचीं व चाऱ्याचीं रानें राखा, तर शेणखत आपोआप शेतांत जाईल, हें त्यांचें सांगणें. चूल आणि शेत यांचा असा संबंध शेतकऱ्याच्या घरांतील म्हातारीस ठाऊक होता. तो सरकारी छापखान्यांतून प्रथमच बाहेर पडला.

हा झगडा एकट्या सातपुड्याचा नव्हता. इंग्लंडांत राजाच्या वनांतील सामान्य जनांचे जुने हक्क १२१७ सालच्या वनसनदेनें मान्य करावे लागले होते. जर्मनींत ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळानें गळून पडलेलें लांकूड वेंचणें हीही चोरी ठरविण्याचा घाट घातला, तेव्हां १८४२ सालीं तरुण कार्ल मार्क्स यांनीं वृत्तपत्रांत लेख लिहून त्यावर टीका केली. थंडी जेथें जेथें पडते आणि रान जेथें जेथें दुसऱ्याचें होतें, तेथें तेथें वाळलेल्या फांदीचा खटला उभा राहतो.

सपाटीवर ज्यांची जमीन सावकाराकडे गेली त्या भिल्लांना मोळी विकणें हेंच पोटाचें साधन उरलें. शहादें, तळोदें, नंदुरबार या पेठांच्या वेशींतून सकाळीं डोक्यावर मोळ्या घेऊन शिरणाऱ्या बायकांची रांग हें खानदेशाचें नित्याचें दृश्य झालें. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्न्या’ दुष्काळ खानदेशावर कोसळला तेव्हां धान्य नव्हतें, गुरें नव्हतीं. अशा वेळीं ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं त्याच्यापाशीं कुऱ्हाड असते. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेनासें झालें आणि पाठीशीं कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी हिंदुस्थानांतील रस्त्यांवर धांवूं लागल्या. लोहाराचा लोणारी कोळसा आतां मोटारीचें खाद्य झाला, आणि त्या भट्ट्यांचें पोट भरावयास पुन: झाडेंच तोडलीं गेलीं.

मधल्या काळांत जंगल तोडण्याची सरकारी पद्धति रुळली होती. रानाचे कूप पाडावयाचे, दर वर्षीं ठराविक कूप लिलांवांत ठेकेदारास द्यावयाचा, आणि ठेकेदारानें डोंगरांतील माणसांकडून तो तोडवून घ्यावयाचा. ज्याला आपल्या चुलीसाठीं फांदी तोडण्याची चोरी, त्याच्याच हातून दुसऱ्याच्या नफ्यासाठीं अख्खें रान तोडलें जाई. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण याहून अधिक कोठें लागू पडली असेल? १९३५ च्या कायद्याखालीं अक्राणी महाल, नवापूर पेठा, मेवासी गांवें आणि शहादें, नंदुरबार, तळोदें हे तालुके ‘अंशत: वगळलेल्या’ प्रदेशांत घालण्यात आले, आणि अशा प्रदेशांची पाहणी करण्याचें काम सायमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याकडे आलें. ठेकेदारांकडून मिळणारी अपुरी मजुरी, वेठ आणि सावकारी यांचें जें वर्णन १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत आहे तें वाचतांना सरकारी भाषेचा कोरडेपणाही कांहीं लपवूं शकत नाहीं. यांतूनच पुढें, बाळासाहेब खेर यांच्या प्रेरणेनें, १९४७ च्या सुमारास मुंबई प्रांतांत जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघूं लागल्या. कूप ठेकेदाराऐवजीं तोडणाऱ्यांच्या संस्थेस द्यावा, ही कल्पना साधी आणि न्याय्य होती. संस्था सर्वत्र सारख्या नेटानें चालल्या नाहींत. तरी तोडणारा हाच व्यवहाराचा मालक होऊं शकतो, ही गोष्ट त्यांनीं प्रथम दाखविली.

स्वराज्य आल्यावर प्रश्न मिटेल अशी आशा होती. परंतु १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनें असा सूर धरला कीं, एखादें गांव रानाजवळ वसलें म्हणून त्या रानावर राष्ट्राहून अधिक हक्क त्यास पोंचत नाहीं. वाक्य तर्कशुद्ध आहे. पण राष्ट्राच्या नांवानें लांकूड गिरणीस आणि बांबू कागदाच्या कारखान्यास जातो, आणि रानाजवळची चूल मात्र चोरीच्या लांकडावर पेटते, असें झालें म्हणजे त्या तर्काची धार बोथट होते. दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. लोकसंख्या वाढली, शेतीसाठीं उतार मोकळे झाले, गुरें वाढलीं, आणि सरपणाचाही भार रानावर पडला. आज धडगांवच्या वाटेवर जे उघडे डोंगर दिसतात, ते एकट्या ठेकेदारानें उघडे केले नाहींत. जेथें रान आपलें नाहीं अशी भावना रुजते तेथें तें राखण्याची जबाबदारीही कोणाची उरत नाहीं. आज आपण नेलें नाहीं तर उद्यां दुसरा नेईल, एवढाच विचार शिल्लक राहतो. कायद्यानें झाडें वांचविण्यासाठीं हक्क काढला. हक्काबरोबर राखणदारही गेला.

नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें आलीं. मणिबेली त्यांतील पहिलें. घरें उठलीं, माणसें तळोद्याकडच्या सपाटीवर आणि गुजरातेंत नव्या वसाहतींत गेलीं. जमिनीच्या मोबदल्याबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिलें गेलें. पण ज्या घराला सरपण, चारा, मोहाचीं फुलें आणि औषधी मुळ्या दाराबाहेर मिळत, त्या घराला वसाहतींत काटकीही विकत घ्यावी लागते, हा तोटा कोणत्या रकान्यांत मांडावयाचा? रानाचा भाव ठरवितांना उभ्या सागाचा भाव ठरतो. फुकट मिळणाऱ्या उबेचा भाव ठरत नाहीं, आणि म्हणून ती हिशेबांत येत नाहीं.

१९८८ सालीं वननीति बदलली. रानांत व रानाजवळ राहणाऱ्या गरीब लोकांच्या घरगुती सरपणाचा, चाऱ्याचा आणि गौण वनोपजाचा वनउत्पन्नावर पहिला हक्क असला पाहिजे, असें तींत स्पष्ट लिहिलें गेलें. नीति ही मात्र नीतीच असते. तिला कायद्याचे हातपाय डिसेंबर २००६ मध्यें संसदेनें संमत केलेल्या वनहक्क कायद्यानें लाभले. त्या कायद्यानें निस्तारासारखे जुने सामूहिक हक्क मानले. गौण वनोपजांत बांबूबरोबर झुडपांचें लांकूड आणि झाडांचीं खुंटेंही घातलीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सामूहिक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक गांवांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. ‘सवलत’ या शब्दाच्या जागीं ‘हक्क’ हा शब्द परत यावयास १८७८ पासून १२८ वर्षें लागलीं.

कागदावरचा हक्क रानांत उतरावयाचा तर तोडण्याची शिस्तही ग्रामसभेनेंच बांधली पाहिजे, आणि ती अशक्य नाहीं. सागाचें किंवा पळसाचें झाड जमिनीलगत, सफाईनें आणि योग्य हंगामांत तोडलें तर खुंटाला धुमारे फुटतात. त्यांतले एकदोन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर कांहीं वर्षांत पुन: सरपण उभें राहतें. रानाचे भाग पाडून पाळीपाळीनें तोडणें, तोडलेल्या भागांत दोनतीन पावसाळे गुरें न घालणें, मोह आणि फळझाडें वगळणें, हे नियम जुन्या माणसांना नवे नाहींत. दुसरीकडे १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें डोंगरांतील घरांतही गॅसची शेगडी पोंचविली. जेथें सिलिंडर पुन: भरून आणण्याइतका पैसा हातांत असतो तेथें तिनें बायकांच्या डोळ्यांचा धूर खरोखर कमी केला आहे, जेथें तो नसतो तेथें शेगडी फडताळावर आणि चूल जमिनीवर, असा देखावा दिसतो. शिवाय शेगडी भाकरी भाजते, पण पौषांतल्या रात्रीं घर उबदार ठेवीत नाहीं. त्यासाठीं अजून ओंडकाच लागतो.

सरपण हें मागासलेपणाचें चिन्ह मानण्याची शहराची रीत आहे. परंतु ज्या घरानें आपली ऊब आपल्या हातांनीं तोडून, वाळवून आणि मोजून वापरली, त्या घराला तिची किंमत नेमकी ठाऊक असते. विजेचें बटन दाबणाऱ्यास एका रात्रीच्या उबेसाठीं किती लांकूड जळतें हें सांगतां येणार नाहीं. डाबच्या मुलीला येईल, कारण तें तिनें डोक्यावरून आणलेलें असतें. अशा माणसाच्या हातीं रान सोंपविणें धोक्याचें, असें दीडशें वर्षांपूर्वीं ठरविलें गेलें. तो निर्णय आतां कायद्यानें फिरविला आहे. तो रानांत फिरतो कीं नाहीं, हें सातपुड्याच्या उतारावरील खुंटांना पुढच्या कांहीं पावसाळ्यांत फुटणाऱ्या धुमाऱ्यांवरून दिसेल.